पाय कापावा, पण डागू नये : आंब्रुआझ पारेची रीत

गोळीने हाडाचा चुरा झाला आणि पाय कुजू लागला, की सोळाव्या शतकातला सर्जन पाय कापायचा आणि रक्त थांबवायला लालबुंद सळईने खुंट डागायचा. फ्रेंच सैन्यातल्या आंब्रुआझ पारेने १५५२ मध्ये दांव्हिलेच्या वेढ्यात सळई बाजूला ठेवून रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या.

त्याच्या रीतीत आधी जागा ठरवायची. कूज पावलापुरतीच असली तरी काप गुडघ्याखाली पाच बोटांवर, निरोगी मांसात. त्या काळच्या लाकडी पायावर गुडघा दुमडून टेकायचा असे. खुंट लांब राहिला तर तो मागे लोंबतो आणि जन्मभर अडतो.

मग कातडी आणि स्नायू वर गुडघ्याकडे ताणून, कापाच्या जरा वर फीत करकचून बांधायची. फितीने रक्त अडतं, थोडी बधिरताही येते. पण खरा फायदा पुढे दिसतो: फीत सोडली की ताणलेलं मांस खाली येऊन हाडाचं टोक झाकतं. ताण कमी पडला तर हाड उघडं राहतं.

वाकड्या सुरीने गोल, थेट हाडापर्यंत कापायचं. इथे हाडं दोन. त्यांच्यामधलं मांसही सुरीनेच कापायचं. राहिलं तर करवतीत सापडून फाटतं, आणि भूल नसलेल्या रोग्याचे हाल विचारू नका. करवत मांसाच्या अगदी लगत चालवायची.

आता कावळ्याच्या चोचीसारखा चिमटा. त्याने एकेक रक्तवाहिनी बाहेर ओढून दुपदरी दोऱ्याने घट्ट बांधायची. सोबत थोडं मांस आलं तरी चालतं. मग फीत सैल करून कातडीच्या कडा फुलीच्या आकारात चार टाक्यांनी जवळ आणायच्या, पण ओढून पूर्ण मिटवायच्या नाहीत.

एखादी गाठ निसटली तर पुन्हा फीत बांधून चिमटा लावायचा. वाहिनी नाहीच सापडली तर चार इंची सुई बाहेरून कातडीतून घालून, वाहिनीला वळसा देत बाहेर काढायची आणि दोरा कापडाच्या घडीवर बांधायचा, म्हणजे तो मांसात रुतत नाही.

मांडीत मात्र ही रीत अवघड. वाहिन्या मोठ्या आणि पुष्कळ. शेवटची बांधेपर्यंत रोगी रिकामा होतो. स्क्रूने आवळायचा पट्टा फ्रेंच सर्जन पेतीने १७१८ मध्ये आणला, तोवर बरेच सर्जन सळईच वापरत राहिले. शिवाय दोरा निर्जंतुक करायचा असतो हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

बांधलेले दोरे ओढायचे नाहीत. पू होऊन ते आपोआप सुटतात. घाई केली तर वाहिनी उघडते आणि रक्ताची धार लागते.