विधवा प्रथा बंदीचा ठराव: ग्रामसभेतून घराच्या उंबऱ्यापर्यंत

सावित्रीबाईंनी जोतीरावांसह १८६३ मध्ये पुण्यात विधवांच्या बाळंतपणासाठी आपलं दार उघडलं. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये विधवेच्या जाचाचा जाब थेट छापून विचारला. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं बंद केलं, आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या गावात हे करायचं तर असं करा.

सुरुवात महिला ग्रामसभेपासून. नियमित ग्रामसभेआधी ती घ्यावीच लागते, पण बऱ्याच ठिकाणी घरोघर वही फिरवून सह्या घेतात आणि सभा झाली असं लिहितात. म्हणून बचत गटांमार्फत बायका गोळा करा. वेळ भांगलणीची किंवा डेअरीला दूध घालायची नको. गावातल्या विधवा स्वतः बोलल्या पाहिजेत. त्यांच्याशिवाय केलेला ठराव पोकळ.

विषय ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) लेखी द्या, पोच घ्या आणि तो नोटिशीत छापून येतो का ते बघा. ‘ऐनवेळचे विषय’मध्ये ढकलला की सभा उठायच्या घाईत तो राहून जातो. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी संख्या लागते. सूचक आणि अनुमोदक बायकाच असू द्या. ठरावात ‘अनिष्ट प्रथा’ एवढंच मोघम लिहू नका, एकेक प्रथा नावानिशी लिहा. हळदीकुंकू आणि ओटीचा मान विधवेलाही, हेही घाला. दंड किंवा वाळीत टाकण्याची भाषा मात्र अजिबात नको: सामाजिक बहिष्कार हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. सभा संपल्यावर प्रोसिडिंग बुकातला मजकूर वाचा, मगच सही करा.

खरी कसोटी मयताच्या दिवशी. ठराव मोडतो तो इथेच, कारण घर दुःखात असतं आणि भावकीतली एखादी वडीलधारी बाई ‘रीत आहे’ म्हणत पुढे होते. तिच्याशी भांडू नका. बहुतेकदा तिच्या स्वतःच्या बांगड्या अशाच फुटलेल्या असतात. चार-पाच जणींचा गट आधीच ठरवून ठेवा, त्यात त्या भावकीतली एक असावी. मयत उचलण्याआधी सासू आणि माहेरच्या माणसांशी बाजूला बोला. रक्षाविसर्जनाला आणि उत्तरकार्याला पुन्हा जा, राहिलेली प्रथा त्या दिवशी उरकली जाते. फोटो काढू नका. तिला स्वतःला कुंकू नको असेल तर आग्रहही नको, निर्णय तिचा.

पुढचं काम कागदाचं, आणि आमच्या मते ते कुंकवाइतकंच मोठं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) तीन महिन्यांत द्या. घराच्या नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदीत) नाव लावायला ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज लागतो, तो हमखास विसरला जातो. मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलं, मुली आणि आई यांचा वाटा सारखा. तेराव्याच्या आत ‘नुसती सही कर’ म्हणून कागद पुढे आला तर तो हक्कसोडपत्र तर नाही ना, हे तिला वाचून दाखवा. एकदा त्याची नोंदणी झाली की ते रद्द करायला कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतात.