शिश्नाची त्वचा मागे सरकत नाही? ताणण्याआधी या चुका टाळा

शिश्नाच्या टोकावरची त्वचा घट्ट असली की ऑपरेशनच करावं लागतं, असं काही जणांना वाटतं. ‘रोज थोडं ओढत राहिलं की होते सैल,’ असं बाकीच्यांना वाटतं. दोन्ही अर्धवट खरं आहे. त्वचा निरोगी असेल आणि नुसतीच अरुंद असेल, तर सावकाश ताणल्याने फरक पडतो आणि डॉक्टरही ते सुचवतात. तिथे आजार किंवा जुना व्रण असेल, तर तेच ताणणं अंगाशी येतं. त्यामुळे कसं ताणायचं हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, घट्टपणा कशामुळे आहे?

न बघताच सुरुवात करणं

चांगल्या उजेडात त्वचा दुखणार नाही इतपतच मागे घ्या आणि पुढची कड बघा. ती बाकीच्या त्वचेसारखीच मऊ आणि लवचीक असेल तर ठीक. पण कडेला पांढुरकं, कडक कडं दिसत असेल आणि ते बोटाला दोरीसारखं लागत असेल, तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचारोग असू शकतो. यात ओढलं की चीर पडते, चीर भरताना व्रण तयार होतो आणि कडं आणखी आवळतं. हा आजार मूत्रमार्गाच्या तोंडापर्यंत पसरला तर लघवीची धार बारीक होते. उपचार न करता राहिला तर पुढे शिश्नाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. अशा वेळी घरचे प्रयोग नकोत. अनेकदा सुंता हाच खरा उपाय असतो.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. वर्षानुवर्षं सहज मागे जाणारी त्वचा चाळिशी-पन्नाशीत घट्ट होऊ लागली, कडेला बारीक उभ्या चिरा पडून झोंबू लागल्या, तर आधी रक्तातली साखर तपासा. कित्येकांचा मधुमेह असाच उघडकीस येतो. लघवीत साखर उतरली की तिथे बुरशी फोफावते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या तर साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांनाही हा त्रास होऊ शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण त्रास डॉक्टरांना जरूर सांगा.

जोर लावणं

सर्वांत जास्त नुकसान घाईने होतं. कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर त्वचा सैल असते, तेव्हा ती हळूच मागे घ्या. ताण जाणवला की थांबा, काही सेकंद धरा आणि सोडा. दिवसातून एक-दोन वेळा एवढं पुरे. दुखणं हे प्रगतीचं लक्षण नव्हे. चीर पडली किंवा रक्त आलं, तर ती पूर्ण भरेपर्यंत हात लावू नका. हे काही आठवड्यांचं काम आहे, एका रात्रीत उरकायचं नाही. ताणण्यासाठी विकत मिळणाऱ्या रिंगा डॉक्टरांना न विचारता तर मुळीच वापरू नका.

मलम कुठलंही, कुठेही

नुसत्या ताणण्यापेक्षा सोबत स्टेरॉइडचं मलम असेल तर गुण लवकर येतो. सहसा ०.०५ ते ०.१ टक्के बीटामेथासोन दिवसातून एक-दोनदा, ४ ते ८ आठवडे लावायला देतात. बऱ्याच जणांचं ऑपरेशन यावरच टळतं. पण लोक ते सगळीकडे फासतात. लावायचं असतं ते आवळलेल्या कडेवर, पातळ थर देऊन. काही जण आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. त्याहून वाईट म्हणजे घरात पडलेलं खाज-गजकर्णाचं मलम लावणं. त्यात बऱ्याचदा फार तीव्र स्टेरॉइड असतं आणि त्याने त्वचा पातळ पडते. पॅराफिन असलेल्या मलमाने लेटेक्स कंडोम फाटू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

लहान मुलांची त्वचा मागे ओढणं

हे करूच नका. जन्मतः ती आतून चिकटलेलीच असते. डग्लस गेअर्डनर या ब्रिटिश डॉक्टरने १९४९ मध्ये नोंदवलं होतं की नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांचीच त्वचा पूर्ण मागे जाते. १९६८ मधल्या डेन्मार्कच्या पाहणीत १६-१७ वर्षांच्या मुलांत घट्टपणा उरला होता फक्त १ टक्क्याच्या आसपास. बहुतेकांची आपोआप मोकळी होते. ओढाओढीने मात्र साध्या घट्टपणाचा व्रण होतो.

मागे नेलेली त्वचा पुढे न आणणं

प्रत्येक वेळी त्वचा परत पुढे आणाच. ती मागेच अडकली तर टोकाला सूज येते, आणि सुजेमुळे ती आणखी अडकते. टोक स्वच्छ हाताने काही मिनिटं सतत, घट्ट दाबून सूज उतरवून बघा. तरीही पुढे येत नसेल, किंवा टोक काळं-निळं दिसू लागलं, तर रात्र असो वा पहाट, तातडीच्या विभागात जा. रक्तपुरवठा तुटू शकतो.

लाजेपायी डॉक्टरांना टाळणं

युरॉलॉजिस्ट किंवा त्वचारोगतज्ज्ञ हे रोज बघतात. त्यांच्यासाठी त्यात नवल काही नाही. कधीपासून घट्ट आहे, पूर्वी मागे जायची का, लघवी करताना फुगते का, मधुमेह आहे का, आतापर्यंत काय लावलं, एवढं सांगितलंत की निम्मं निदान होतं. मलमाने गुण आला नाही तरी लगेच सुंताच करायला हवी असं नाही. त्वचा राखून फक्त आवळलेला भाग रुंद करण्याची छोटी शस्त्रक्रियाही असते. त्वचेवर व्रण नसेल तर ती आपल्याला चालेल का, हे आवर्जून विचारा.