थर्मोस्टॅट हाउसिंग गळतंय? स्वतः बदलता येतं

वाईहून पसरणी घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर सरकला, की सगळे रेडिएटरवर संशय घेतात. आधी रेडिएटरचा वरचा जाड होज इंजिनाला जिथे मिळतो तो सांधा पाहा. बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅट हाउसिंग, म्हणजे थर्मोस्टॅट ज्यात बसतो ते आवरण, तिथेच असतं, काहींत खालच्या होजपाशी. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) रंगाचे वाळलेले डाग किंवा पांढरट खपली दिसली, तर गळती बहुधा तिथलीच. प्लॅस्टिकचं हाउसिंग उष्णतेने ठिसूळ होऊन तडकतं.

आतल्या थर्मोस्टॅटमध्ये मेण असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ते वितळून फुगतं, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. ‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी थंड राहील’ हा सल्ला साताऱ्यातही सर्रास ऐकू येतो. कृपया मानू नका. इंजिन पुरेसं तापत नाही, इंधन जास्त जळतं, ऑइल लवकर खराब होतं.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावू नका. महाबळेश्वरच्या उंचीवर साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. कूलंट उकळत नाही, याला त्यातलं ग्लायकॉल आणि बंद झाकणातला दाब कारण. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडलंत, तर उकळता फवारा थेट अंगावर येतो.

खाली टब ठेवून कूलंट काढा. तो विषारी असतो आणि चवीला गोड, म्हणून कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा. होजची क्लिप, सेन्सरचा प्लग आणि बोल्ट काढून हाउसिंग उतरवा. कुठला बोल्ट कुठला, याचा फोटो घ्या, लांबी वेगवेगळी असू शकते.

खरा वेळ द्या तो हाउसिंग जिथे बसतं त्या पृष्ठभागाला. आत कचरा पडू नये म्हणून इंजिनाच्या उघड्या तोंडात फडकं कोंबा आणि जुनं गॅस्केट (सांध्यातली सील) प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रू-ड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर चरा पडला, की नवं हाउसिंगही गळणार. थर्मोस्टॅट नवाच घाला: स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, हवा सुटण्याचं बारीक छिद्र वर. फडकं काढायला विसरू नका. ओ-रिंगला (रबरी कड्याला) सीलंट लावू नका. बोल्ट आधी हाताने बसवा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आलटूनपालटून आवळा.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा (तयार मिसळलेला कूलंट असेल तर तसाच). बोअरचं पाणी नकोच, क्षार साचतात. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा आणि मॅन्युअलमधल्या पद्धतीने हवा काढा. अडकलेल्या हवेमुळे नवा भाग बसवूनही काटा चढतो. दुसऱ्या सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहा, सांध्याखालून बोट फिरवा.