मार्कला वळसा घालताना: डिंगी शर्यतीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

डिंगी या छोट्या शिडाच्या बोटीच्या शर्यतीत पहिले दोन मोसम माझं सगळं ठरल्यासारखं व्हायचं. सुरुवात बरी, वाऱ्याविरुद्धचा पहिला टप्पाही बरा, आणि शेवटी निकाल पाहिला की मी विसाव्या क्रमांकाच्या आसपास. मी वेगाला दोष देत राहिले. मग प्रशिक्षकांनी एका दिवसाच्या शर्यतींत फक्त एकच नोंद ठेवली: प्रत्येक मार्कच्या, म्हणजे ज्याला वळसा घालायचा त्या तरंगत्या बॉयच्या, आधी मी कितवी होते आणि वळून बाहेर पडल्यावर कितवी. मोकळ्या पाण्यात मी फारसं काहीच गमावत नव्हते. माझे क्रमांक जात होते ते मार्कभोवतीच्या अर्ध्या मिनिटात.

वाऱ्याकडचा मार्क बहुतेक वेळा डावीकडे ठेवून वळायचा असतो. म्हणून शेवटचा टप्पा स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे वारा उजव्या अंगाने घेत, येणं सुरक्षित. ज्या रेषेवरून आणखी टॅक न करता, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून बाजू न बदलता, मार्क गाठता येतो ती लेलाइन. नवखे फार लवकर तिथे जाऊन बसतात, मीही बसायचे. एकदा लेलाइनवर पोचलात की वाऱ्याच्या बदलाचा फायदा घेण्याची जागा उरत नाही, आणि पुढे येऊन टॅक करणारी प्रत्येक बोट तुम्हाला आपल्या शिडामागचा मळका वारा देते. गर्दी नसेल तर मी शेवटच्या दहा-बारा बोटलांब्यांत लेलाइन पकडते. गर्दी असेल तर थोडी आधी, आणि एखादी बोटलांबी जास्त वर, म्हणजे वाऱ्याकडे, जाऊन. मार्कपाशी वारा विस्कटलेला असतो आणि समोरून प्रवाह असेल तर बोट खाली ढकलली जाते. अगदी काटेकोर आलात की मग नाक वाऱ्यात खुपसून कसंबसं पार व्हायचा मोह होतो. वेग पडतो, डॅगरबोर्डची, म्हणजे बोटीखाली पाण्यात उतरवलेल्या फळीची, पकड सुटते आणि बोट आडवी सरकत थेट मार्कवर. शिडाच्या बोटींच्या शर्यतनियमांतल्या नियम ३१ प्रमाणे मार्कला स्पर्श झाला तर शिक्षा म्हणून एक पूर्ण फेरी, म्हणजे एक टॅक आणि एक जाइब (शेपटी वाऱ्यातून फिरवणं). त्यापेक्षा ती एक बोटलांबी स्वस्त.

पोर्ट टॅकवरून, म्हणजे वारा डाव्या अंगाने घेत, येऊन ऐन मार्कपाशी टॅक करणं मला धाडसी वाटायचं. एकदा असंच एका बोटीच्या पुढ्यात टॅक केला. मी पुढे आहे म्हणजे हक्क माझा, ही माझी समजूत. मला टाळण्यासाठी तिला क्लोज-हॉल्डच्याही (वाऱ्याला जमेल तितकं जवळून जाण्याच्या दिशेच्याही) वर, वाऱ्याकडे वळावं लागलं, आणि मला दोन फेऱ्या घ्याव्या लागल्या. नियम १८.३ नेमका हेच अडवतो: झोनमध्ये पोर्टवरून स्टारबोर्डवर आलात, तर झोनमध्ये शिरल्यापासून स्टारबोर्डवर असलेल्या बोटीला अशी वेळ आणायची नाही. झोन म्हणजे मार्कभोवतीचं तीन बोटलांब्यांचं वर्तुळ, आणि लांबी धरायची ती मार्कला जवळ असलेल्या बोटीची. ऑप्टिमिस्ट या छोट्या बोटीला तो साधारण सात मीटर, तिच्याहून मोठ्या आयएलसीए बोटीला साडेबारा मीटरच्या आसपास. हे अंतर डोळ्यात बसायला हवं. सरावाच्या बॉयपासून तेवढ्या अंतरावर दुसरा बॉय टाकून पाहत राहा. आता पोर्टवरून यायचंच असेल तर मी झोनच्या बरीच आधी फट शोधून टॅक करून घेते.

वळून खाली, वाऱ्याच्या दिशेने उतरताना एकच गोष्ट जपा: किकर, म्हणजे बूम (शिडाखालचा दांडा) खाली ओढून धरणारी दोरी, आधी सैल करा. जोराच्या वाऱ्यात तो घट्ट राहिला तर मेनशीट (शीड आत-बाहेर करायची दोरी) सोडूनही शीड पुरेसं मोकळं होत नाही, बूमचं टोक पाण्यात शिरतं आणि बोट वळायचं नाकारते, तेही लेलाइनवरून येणाऱ्या बोटींच्या तोंडासमोर. शरीर बाहेर, बोट किंचित वाऱ्याकडे कललेली, मेनशीट मोकळी, टिलर (सुकाणूचा दांडा) हलकाच. डॅगरबोर्ड नंतर उचला.

खरी शर्यत मात्र वाऱ्याखालच्या मार्कला असते. तिथे बोटी एकाच वेळी, शेजारी शेजारी येऊन धडकतात. पहिली बोट झोनला पोचते त्या क्षणी ओव्हरलॅप आहे का, म्हणजे मागच्या बोटीचं नाक पुढच्या बोटीच्या शेपटीच्या पुढे पोचलंय का, यावर पुढचं सगळं ठरतं. असेल तर बाहेरच्या बोटीने आतल्या बोटीला वळायला जागा द्यायची, ओव्हरलॅप नंतर तुटला तरी. नसेल तर मागच्या बोटीने नंतर आत नाक घातलं म्हणून तिला हक्क मिळत नाही. म्हणून झोनच्या आधीच स्पष्ट आवाजात सांगा, "ओव्हरलॅप आहे" किंवा "नाही". नियम तसं बोलायला लावत नाही, पण पुढचा वाद तिथेच मिटतो.

बाहेरून चौथी बोट होऊन वळणं हा सगळ्यात महाग प्रकार. सगळ्यांत लांब चाप तुमचा, आणि बाहेर पडता ते तिघींच्या मळक्या वाऱ्यात. इथे हळू होणं शिकावं लागतं, आणि ते मनाला अजिबात पटत नाही. शीड गरजेपेक्षा आत ओढा, टिलर इकडे-तिकडे हलवा. वेग कमी करण्यासाठी तसं करायला नियम ४२ परवानगी देतो. पुढच्यांना जाऊ द्या आणि सगळ्यांत आतल्या बोटीच्या शेपटीमागे लागा. पहिल्यांदा असं केलं तेव्हा मी तिघींच्या बाहेर होते. थांबले. त्या तिघी एकमेकींना ढकलत रुंद वळल्या, मार्कपाशी फट पडली, आणि मी दुसरी बाहेर पडले.

वळणाचा आकार असा: आत शिरताना मार्कपासून बोटलांबीभर दूर, बाहेर पडताना अगदी खेटून. आधीच खेटून शिरलात तर बाहेर पडताना फट राहते, मागची बोट त्यात शिरून तुमच्या वाऱ्याकडे बसते, आणि मग तुम्हाला टॅकही करता येत नाही. खेटून बाहेर पडलात तर वारा स्वच्छ आणि टॅक कधी करायचा ते तुमच्या हाती. यासाठी हात मोकळे हवेत, म्हणून डॅगरबोर्ड, आणि आउटहॉल, कनिंगहॅम या शिडाचा ताण बदलणाऱ्या दोऱ्या, सगळं झोनच्या आधी आटपा. वळताना बोट थोडी वाऱ्याखाली कलू द्या, ती आपणहून वळते. आयएलसीएमध्ये मेनशीट सरळ बूमकडून धरून हातभर लांब ओढी घ्या. शीड बोटीच्या वळण्याच्या वेगानेच आत यावं, मग शरीर बाहेर टाकून बोट सपाट करा.

गेट असेल, म्हणजे वाऱ्याखाली दोन मार्क असून त्यातला कोणताही एक घेता येत असेल, तर आधी कोणता मार्क जवळ ते पाहा, मग पुढच्या टप्प्यात कुठली बाजू हवी ते. जवळच्या मार्कला झुंबड असेल तर मी लांबचा घेते.

सरावाला एक बॉय आणि एक जोडीदार पुरतो. बॉयला वाऱ्याखालच्या बाजूने वळसा घाला, आणि क्लोज-हॉल्डवर आल्यावर हात लांबवून त्याला स्पर्श करा. हात पोचला नाही तर परत. मग जोडीदाराला बाहेरून चिकटून यायला सांगा आणि झोनच्या आधी आलटून पालटून मागे पडायचा सराव करा.