दोघांची हलकी कॅनू घेताना या चुका टाळा

कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची उघडी, निमुळती होडी, घेण्याविषयी सल्ला विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा "वजन किती?" हाच असतो. पंचगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे एकामागून एक येतात आणि प्रत्येक ठिकाणी कॅनू काठावर काढून खांद्यावरून पुढे न्यावी लागते, त्यामुळे वीस किलोची केव्हलरची (मजबूत कृत्रिम धाग्यांच्या कापडाची) आणि पस्तीस किलोची पॉलिथिलीनची यांतला फरक मानेला चांगलाच जाणवतो. तरीही केवळ वजनाचा आकडा पाहून कॅनू घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझा जोडीदार अशीच पातळ थराची केव्हलरची कॅनू घेऊन कोलाडला कुंडलिकेवर गेलो होतो. तिथले रॅपिड, म्हणजे खडकांतून उसळणारे वेगवान प्रवाह, वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर चालतात. आम्ही उशिरा उतरलो, पाणी ओसरू लागले आणि तळ काळ्या खडकाच्या धारेवर घासत गेला. काठावर कॅनू उलटी केली, तेव्हा तळहाताएवढा भाग बोटाने दाबताच आत जात होता आणि भेगेतून पिवळे धागे पिंजलेल्या कापसासारखे बाहेर आले होते. केव्हलर घासून गुळगुळीत होत नाही, उलट अधिकच पिंजते, हे त्या दिवशी कळले. तेव्हापासून खडकाळ नदीसाठी मी टी-फॉर्मेक्ससारख्या थरांच्या प्लॅस्टिकची, पंचवीस-तीस किलोची कॅनूच वापरतो आणि ते जादा वजन मुकाट्याने वाहतो.

दुसरी चूक म्हणजे रंकाळा तलावावर एक फेरी मारून निर्णय घेणे. संथ पाण्यात सरळ तळाची कॅनू बाणासारखी जाते, म्हणून ती सर्वांना आवडते. पण दोन्ही टोके उचललेली नसतील, तर ओढीच्या पाण्यात ती वेळेवर वळत नाही. मी कॅनू सपाट फरशीवर ठेवून टोकांखाली वह्या सरकवतो आणि प्रत्येक टोकाला दोन-अडीच इंच उठाव मिळाला तरच पुढचे बोलतो. हे पाच मिनिटांचे काम टाळणाऱ्या उतावळ्यांना मी सल्ला देणे सोडले आहे.

मध्यभागी कॅनूची खोली चौदा इंचांहून कमी नसावी. कॅनूत बांधायच्या हवेच्या पिशव्यांवर पैसे वाचवू नका; त्या जागा अडवतात, म्हणून आत कमी पाणी शिरते. पाण्याने भरलेल्या कॅनूत काही शे लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी असते. रॉयलेक्स या जुन्या थरांच्या प्लॅस्टिकचे उत्पादन केव्हाच थांबले असल्याने तशी कॅनू जुनीच मिळेल; उन्हात ठेवलेली असल्यास घेऊ नका. बर्ग्यांवरून (बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवलेल्या फळ्यांवरून) पाणी पडत असताना बंधाऱ्याखाली कधीही जाऊ नका, कारण तिथला भोवरा कॅनूला आणि माणसाला परत आत ओढतो.

व्यवहार पक्का करण्यापूर्वी दोघांनी प्रत्यक्ष बसावे, सामानाऐवजी पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन ठेवावेत आणि मध्यभागी पाण्यापासून कॅनूच्या काठापर्यंत निदान एक वीत उरते का, ते हात लावून पाहावे.