दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला जाताना: प्राडर-विली असलेल्या मोठ्या माणसाच्या घरच्यांसाठी

माझा भाऊ 24 वर्षांचा आहे. त्याला प्राडर-विली आहे, म्हणजे असा जनुकीय आजार की ज्यात पोट भरल्याचं कळतच नाही. पहिल्या तपासणीत त्याचं दिव्यांगत्व 25 टक्के ठरलं, आणि बहुतेक योजना 40 टक्क्यांपासून सुरू होतात. चूक माझ्या उत्तरांची होती. तुमच्या हातून ती होऊ नये म्हणून लिहिते आहे.

आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा, स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर प्रमाणपत्रासाठी केलेल्या अर्जाची प्रिंट, हे सगळे नेतातच. जनुकीय तपासणीचा मूळ रिपोर्ट घ्या आणि 15 व्या गुणसूत्राचा उल्लेख आहे तिथे पेन्सिलीने खूण करा. आजार दुर्मीळ आहे, समोरच्या डॉक्टरांनी आधी असा एकही रुग्ण पाहिला नसेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत प्राडर-विलीचं नाव नाही, त्यामुळे आमची मोजणी बौद्धिक दिव्यांगत्वाखाली झाली.

आता वही. मी नेली नव्हती, ती हीच. बुद्ध्यांकाच्या चाचणीबरोबर व्हीएसएमएस नावाची चाचणी होते. तिच्यात माणूस रोजच्या जगण्यात स्वतःहून काय काय करतो ते घरच्यांना विचारतात. मला विचारलं, आंघोळ स्वतः करतो का? मी म्हटलं, हो. पैसे कळतात का? हो. एकटा बाहेर जातो का? कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो. भाऊ शेजारी बसून ऐकत होता, त्याच्यासमोर ‘नाही’ म्हणवेना. पण आंघोळीच्या वेळी आई दाराबाहेर उभी राहून एकेक पायरी सांगत असते. फ्रिजला आणि ओट्याखालच्या कपाटाला कुलूप असतं. पैसे हातात दिले की त्याचं खाणंच येतं. यातलं काहीच मी बोलले नाही.

म्हणून निदान महिनाभर आधीपासून वही लिहा. कोणत्या कामात कोणी, किती वेळा, काय मदत केली. कुलूप उघडं राहिलं त्या दिवशी काय झालं. वेळापत्रक बदललं तेव्हा किती वेळ आरडाओरडा चालला. खाजवून कुठे जखम केली. तारखा घाला. ‘करतो’ आणि ‘सांगितल्यावर, कोणी उभं असताना करतो’ हे वेगवेगळं लिहा. आणि मानसशास्त्रज्ञांना वही वाचायला द्या, म्हणजे भावाबहिणीसमोर ते मोठ्याने बोलावं लागत नाही. वहीत वाढवून काही लिहू नका, लपवूही नका.

त्या दिवशी दोघांनी सोबत जा. गेटबाहेर वडापावची गाडी असणारच, आणि ज्याच्या मेंदूला पोट भरल्याचा निरोपच पोचत नाही त्याला रांगेत दोन तास एकट्याने सांभाळणं अशक्य आहे. डबा मोजून न्या. खाण्याची वेळ आधी सांगा आणि रांग कितीही लांबली तरी ती पाळा. एक जण त्याच्याजवळ, एक जण कागद आणि वही घेऊन.

टक्के कमी आले तर तिथे वाद घालू नका, अपील करता येतं. आम्ही केलं. वही जोडली.

दिव्यांग कार्ड आल्यावरचं थोडक्यात. संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाचा दाखला लागतो. निरामय आरोग्य विम्याचं संरक्षण 1 लाखापर्यंत आहे. 18 पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा, लांबवू नका. दिवसभराच्या केंद्रात किंवा निवासी संस्थेत ठेवणार असाल तर लेखी द्या: वेदना कमी जाणवते, उलटी सहसा होत नाही, त्यामुळे पोट फुगलं किंवा अचानक भूक गेली की लगेच डॉक्टर. तिथेही वहीची झेरॉक्स द्या.