तिबोटी खंड्या दिसत नाही? या चुका टाळा

पाऊस लागला की कर्नाळ्याला कॅमेरेवाल्यांची रीघ लागते. सगळ्यांना हवा असतो एकच पक्षी, तिबोटी खंड्या. त्यातले बरेच जण नुसते भिजून परततात.

पहिला घोळ नावामुळे होतो. खंड्या म्हटलं की आपण नदीकाठ आणि विजेच्या तारा बघू लागतो. हा खंड्या सावलीतल्या ओढ्यांचा. मासे खातो, पण कोळी, बेडूक, बारके खेकडे आणि सापसुरळ्याही त्याला चालतात. त्यात आकार जेमतेम 13 सेंटीमीटर, म्हणजे चिमणीहून लहान. झाडांचे शेंडे धुंडाळून मान दुखवून घेऊ नका. ओढ्यावर वाकलेल्या खालच्या फांद्या बघा.

एप्रिलच्या सुट्टीत कोकणात जाऊन त्याला शोधणंही व्यर्थच. तो इथे वीण करायला येतो ती पावसाच्या तोंडावर.

नारिंगी-पिवळं पोट, डोक्यावर जांभळी झाक, लालभडक चोच... फोटोत हे झगमगतं, पण पावसाळी रानाच्या अंधारात रंग विझतात. आधी कान लावा. बारीक, टोकदार शिट्टी ऐकू येते आणि आपण वळेपर्यंत पाण्यालगत काहीतरी सूं करून गेलेलं असतं. मागे धावू नका. ओढा हीच त्याची वाट, तिथेच गप्प उभे राहा. उघड्या तळ्यावर काळ्या चोचीचा, हिरवट-निळ्या पाठीचा दिसला, तर तो आपला नेहमीचा छोटा खंड्या.

दुर्बीण ऐनवेळी धुरकट होते? गाडीतल्या एसीची करामत. पोहोचण्याआधी अर्धा तास एसी बंद ठेवा.

सगळ्यात वाईट चूक घरट्यापाशी होते. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत त्याचं बीळ असतं. चोचीत सापसुरळी धरून तो समोरच्या फांदीवर बसतो, डोकं वरखाली करतो, आत मात्र जात नाही. लोकांना वाटतं, काय झकास पोज देतोय! अहो, तुम्ही त्याच्या दारात उभे आहात. तिकडे पिल्लं उपाशी आहेत. फ्लॅश, मोबाइलवर वाजवलेली शीळ, 'फोटोत आड येते' म्हणून मोडलेली फांदी, हे तर नकोच. वीसेक पावलं मागे सरा, झाडाआड बसा. तो बिळात शिरला तर थांबा. नाही शिरला, तर कॅमेरा पिशवीत टाका आणि निघा.